एकशे आठ सोंगट्यांचा खेळ

रविवारची जेवणे आटोपली, की विद्यानगरच्या आमच्या घरात घटकाभर आडवे होण्याची पद्धत होती. गेली तीन वर्षे ती मोडली आहे. ताटे उचलली जातात न जातात तोच नात ओसरीवर सतरंजी टाकते, माझी थोरली बहीण चष्म्याचे घर शोधू लागते आणि कपाटावरची कॅरमची जुनी फळी खाली येते. फळीची गुळगुळीत बाजू आता जमिनीकडे असते. पाठीमागच्या बाजूवर आम्ही पंधरा आडवी आणि पंधरा उभी घरे आखली आहेत. शेजारी एक खणाची पिशवी, आणि पिशवीत एकशे आठ लाकडी सोंगट्या. प्रत्येक सोंगटीवर एक अक्षर.

खेळाला अजून नाव पडलेले नाही. बहिणीला आम्ही सारे अक्का म्हणतो. ती नुसते म्हणते, "चला, अक्षरं मांडा." तेवढ्यावर काम भागते.

वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी इंग्रजी 'स्क्रॅबल' असेलच. आमच्याकडेही ते नातीच्या वाढदिवसाला आले. अक्काला इंग्रजी जेमतेम. ती दोन रविवार बाजूला बसून लसूण सोलीत खेळ पाहात राहिली आणि तिसऱ्या रविवारी म्हणाली, "हे आपल्या भाषेत का करीना झालात?" मी चाळीस वर्षे शाळेत गणित शिकविले. असा प्रश्न कोणी टाकला, की मला स्वस्थ बसवत नाही.

मोजणीपासून आरंभ

मूळ खेळाची जन्मकथा मोठी बोधप्रद आहे. १९३० नंतरच्या मंदीत अमेरिकेतील आल्फ्रेड बट्स नावाचा वास्तुशिल्पी बेकार झाला. रिकामपणी त्याने 'न्यूयॉर्क टाइम्स'ची पाने समोर घेतली आणि कोणते अक्षर किती वेळा येते ते मोजण्यास बसला. त्या मोजणीवर त्याने शंभर सोंगट्यांची वाटणी केली. 'ई' हे अक्षर सर्वांत अधिक येते, म्हणून त्याच्या सोंगट्या बारा आणि गुण एक. 'क्यू' आणि 'झेड' क्वचित येतात, म्हणून त्यांची सोंगटी एकेकच, पण गुण दहा. 'एस' हे अक्षर इंग्रजीत सारखे येते. तरी त्याच्या सोंगट्या चारच ठेवल्या. कारण उघड आहे. बहुतेक नामांना 'एस' चिकटविला, की अनेकवचन होते. त्या सोंगट्या अधिक असत्या, तर डोके चालविण्याचे कारणच उरले नसते.

खेळ कोणी घेईना. अखेर १९४८ मध्ये जेम्स ब्रूनो या गृहस्थांनी हक्क घेतले आणि 'स्क्रॅबल' हे नाव दिले. १९४९ मध्ये त्यांनी २,४०० संच तयार केले आणि पदरचे पैसे घालवून बसले. पुढे १९५२ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या 'मेसीज' या मोठ्या दुकानाने माल मागविला आणि मग मागणी पुरी करता करता कारखान्याची तारांबळ उडाली.

बट्सच्या मार्गाने जावे म्हणून मीही एका मराठी दैनिकाचा अग्रलेख घेऊन पेन्सिलीने अक्षरे मोजू लागलो. अर्ध्या स्तंभातच अडलो. इंग्रजीत अक्षर म्हणजे अक्षर. आपल्याकडे 'क' मोजावयाचा, की 'का', 'कि', 'की', 'कु' हे निरनिराळे धरावयाचे? निरनिराळे धरले, तर सोंगट्यांना पोते लागेल. आणि 'पुस्तक' या शब्दातल्या 'स्त'चे काय करावे?

मी आठ दिवस कागद खराब केले. तोड अक्काने काढली. सोंगट्यांना पाटीसारखा काळा रंग द्यावयाचा, अक्षर पांढऱ्या रंगाने कायमचे काढावयाचे, आणि काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार हे सारे फुकट! ज्याला जे हवे ते त्याने खडूने सोंगटीवर काढावे. स्वरांसाठी 'अ'ची सोंगटी. तीच आ, इ, उ, ए, ओ या सर्वांच्या जागी चालावी. जोडाक्षरासाठी एका घरात दोन सोंगट्या एकावर एक ठेवाव्या आणि गुण दोहोंचे घ्यावे. 'पुस्तक' म्हणजे तीन घरे आणि चार सोंगट्या. आडवा शब्द आणि उभा शब्द जेथे एकमेकांना छेदतात, तेथे मात्र काना-मात्रेसह अक्षर तेच असले पाहिजे. एवढ्यावर खेळ उभा राहिला. र, त, न, क, ल, स यांच्या सोंगट्या भरपूर. ढ, छ, ष यांची एकेक.

इंग्रजीतल्या 'एस'ची अडचण आपल्याकडे विभक्तीच्या रूपाने आली. 'घर' लागले, की घरा, घरी, घरात, घराला अशी शेपटी वाढतच जाते. म्हणून विभक्ती बाद. क्रियापद 'णे' लावून मूळ रूपात. विशेषनामे बाद. आणि एखाद्या शब्दावर तंटा पडलाच, तर कोश उघडावयाचा नाही; ज्याने शब्द लावला त्याने तो आपल्या बोलण्यातल्या वाक्यात घालून दाखवावयाचा. हा शेवटचा नियमही अक्काचाच. त्या वेळी मला तो फार ढिला वाटला होता.

अंकपाश आणि पाथरीचा पंडित

हाती सात सोंगट्या असतात. साती अक्षरे निरनिराळी असतील, तर त्या ओळीत मांडण्याच्या रीती ५,०४० होतात. सेकंदाला एक या वेगाने सर्व तपासावयाच्या म्हटल्या, तरी एक तास चोवीस मिनिटे लागतील. तेवढ्यात चहाही गार होईल आणि गडीही उठून जातील. हा हिशोब पाश्चात्त्यांकडून यावा लागला नाही. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या 'लीलावती'त 'अंकपाश' नावाचे प्रकरण याच विषयाचे आहे. चार हातांच्या विष्णूला आपली चार आयुधे किती प्रकारे धरता येतील? चोवीस. दहा हातांच्या शंकराला दहा आयुधे? छत्तीस लक्ष अठ्ठावीस हजार आठशे. एकच अंक पुन्हा आला तर संख्या कशी घटते, तेही तेथे सांगितले आहे: ४, ८, ५, ५, ५ या अंकांपासून वीसच संख्या होतात. हाती दोन 'र' आले की कुरकुरणाऱ्या नातीला मी हेच सांगतो, की बाई, तुझे काम निम्म्याने हलके झाले.

या 'लीलावती'वर १५४१ मध्ये 'गणितामृतकूपिका' नावाची टीका लिहिणारा सूर्यदास हा गोदाकाठच्या पार्थपूरचा. पार्थपूर म्हणजे परभणी जिल्ह्यातली पाथरी, असे अभ्यासक मानतात. म्हणजे १९५६ पर्यंत आपल्याच हैदराबाद राज्यात असलेला मुलूख! याच सूर्यदासाने 'रामकृष्णविलोमकाव्य' रचले. त्यातला श्लोक सरळ वाचावा तर रामाची कथा, आणि शेवटच्या अक्षरापासून उलट वाचावा तर कृष्णाची. असे तिसांहून अधिक श्लोक. ज्याने अक्षरांची उलटापालट मोजण्याचे शास्त्र उलगडून सांगितले, त्यानेच ती उलटापालट काव्यात करून दाखविली, हा योग मला फार नामी वाटतो. आमचे घराणे मूळचे परभणीकडचे असल्यामुळे त्यात थोडा अभिमानही मिसळलेला आहे, हे कबूल करतो.

मोरोपंतांचे 'निरोष्ठ रामायण' अशाच जातीचे. ओठ न मिटता उच्चारता येतील तीच अक्षरे त्यात घ्यावयाची. म्हणजे प, फ, ब, भ, म ही वर्ज्य. मौज अशी, की 'राम' या नावातच 'म' आहे. हाती नको ती सात अक्षरे आली म्हणून मी हातपाय गाळले, की अक्का म्हणते, "पंतांनी रामावाचून रामायण केलं. तुला सात अक्षरांत एक शब्द करता येईना?"

अक्काची रीत

अक्काचे शिक्षण मराठी सातवीपर्यंत. तरी दहांपैकी आठ डाव तिचे. तिची रीत मी वर्षभर टिपून ठेवली आहे. वाचकांच्या उपयोगी पडावी म्हणून येथे देतो.

पहिली गोष्ट, ती सोंगट्या ओळीत मांडीत नाही. फुगडीला उभ्या केलेल्या मुलींसारख्या गोल मांडते. ओळीत मांडल्या, की पहिले अक्षर पहिलेच वाटू लागते आणि मन त्याच दावणीला बांधले जाते. गोलाला आरंभही नाही आणि शेवटही नाही.

दुसरी गोष्ट, शेवट आधी शोधावयाचा. 'ण' हाती आला, की तिची बोटे त्याला उचलून कडेला ठेवतात. मराठी शब्दाच्या आरंभी 'ण' येत नाही आणि 'ळ'ही येत नाही. पण शेवटी दोघेही मोठ्या मानाने बसतात. एकदा माझ्या हाती ण, र, प, क, द, स, व अशी सोंगट्यांची खोगीरभरती आली. मी सोडून देणार होतो. अक्काने 'ण'वर मात्रा काढून तो शेवटी नेला आणि बाकीची अक्षरे त्याच्यापुढे फिरविली: सरकणे, पसरणे, सावरणे, पुरवणे. मग 'व'ला 'णे'च्या आधी बसवून म्हणाली, "सरकवणे. पाच घरं. राहिलेल्या प आणि द ठेव. पुढच्या खेपेला 'दीप' होईल." 'ळ'चेही तसेच. नवखा गडी त्याला घाबरतो. पण फळ, खेळ, वेळ, माळ, गूळ, डाळ हे सारे दोन घरांचे शब्द असून 'ळ'ला आम्ही चार गुण दिले आहेत.

तिसरी गोष्ट, काना-मात्रा फिरवून पाहावयाच्या. क, म, ल ही तीनच अक्षरे घ्या. कमल, कोमल, कमाल, कलम, मालक. सोंगट्या त्याच, पण घरातले वातावरण किती पालटते पाहा!

चौथी गोष्ट, आणि ही खरी खेळाची: आताचे गुण पाहताना हाती काय उरते तेही पाहावयाचे. तीन गुणांच्या लोभाने 'र' आणि 'त' खर्चून हातात ढ, छ, ष यांचा दरबार भरविणारा पुढच्या तीन खेपा नुसता पाहात बसतो. मोठ्या गुणांच्या घराशेजारी सोपा शब्द लावू नये. तो दुसऱ्याला पाट मांडून दिल्यासारखा होतो. आणि दोन घरांचे शब्द क्षुद्र समजू नयेत. अडलेल्या फळीवर तेच वाट काढतात.

ही बुद्धी तुला आली कोठून, असे मी एकदा विचारले. तेव्हा तिने तरुणपणची गोष्ट सांगितली. शेजारी एक तेलुगू शास्त्री राहात. त्यांच्या कुटुंबाबरोबर ती नल्लकुंट्याच्या बाजूला अष्टावधान पाहण्यास जाई. आठ पृच्छक आठ बाजूंनी प्रश्न टाकतात आणि अवधानी साऱ्यांना सांभाळून पद्ये रचतो, हा आपल्या तेलुगू बांधवांचा थोर कलाप्रकार आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. त्यात एक अंग असते व्यस्ताक्षरीचे. एखाद्या वाक्यातली अक्षरे क्रम मोडून, मधूनमधून, एकेक करून सांगतात: सातवे अक्षर हे, दुसरे हे, अकरावे हे. मध्येच कोणी घंटा वाजवितो आणि तिचे ठोके लक्षात ठेवावयाचे असतात. कोणी मुद्दाम अघळपघळ गप्पा काढतो. शेवटी अवधान्याने सारी अक्षरे जागच्या जागी बसवून ते वाक्य म्हणावयाचे. अक्का घरी परतली, की चूल पेटविताना मनाशी तोच खेळ खेळे. आईच्या तोंडचे एखादे वाक्य घेई, त्याची अक्षरे विस्कटी आणि भाकरी थापता थापता पुन्हा जुळवी. मराठी बाईने तेलुगू सभेत शिकलेली ही विद्या आहे. आमच्या या शहरात अशा गोष्टी घडतात.

एक शब्द

आता जे सांगावयाचे ते थोडे माझ्या विरुद्ध जाणारे आहे.

गेल्या दिवाळीतली गोष्ट. पुण्याचे पाहुणे आले होते, फळी मांडली होती आणि डाव रंगला होता. अक्काने कडेच्या तिप्पट गुणांच्या घरापर्यंत पोचणारा एक शब्द लावला: दस्ती. पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिले. एकाने नम्रपणे अर्थ विचारला. मला कसेसेच झाले. मी चटकन म्हणालो, "हा मराठी शब्द नव्हे. काढ तो."

"काढ? कशाला काढायलास रे?" अक्का म्हणाली. "मग काय म्हणतात त्याला?"

"रुमाल."

"आणि तुझा रुमाल कुठला?"

मी उत्तर दिले नाही. 'रुमाल' फारसी आहे हे मला ठाऊक होते. 'कागद', 'दुकान' हेही तिकडचेच, हेही ठाऊक होते. तरी पाहुण्यांसमोर मी शिवछत्रपतींच्या आज्ञेने रघुनाथपंत हणमंते यांनी केलेल्या 'राज्यव्यवहारकोशा'चा दाखला दिला. यावनी शब्द काढून संस्कृत शब्द कसे योजिले, यावर बरेच बोललो. अक्काने दोन्ही घरांतल्या तिन्ही सोंगट्या उचलल्या, पिशवीत टाकल्या आणि पदर सावरून आत निघून गेली. त्या दिवशी डाव पाहुण्यांनी जिंकला.

पुढच्या रविवारी ती बसली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. "डोळे दुखतात," म्हणे. नात आणि मी दोघेच खेळू लागलो. पण दोघांत खेळ रंगत नाही. शिवाय नातीचे शब्द संपत आले होते. तिची शाळा इंग्रजी, दुसरी भाषा तेलुगू. नागरी लिपी हिंदीपुरती. ती मराठी बोलते ते आमच्याशीच. अडली, की पूर्वी ती अक्काच्या तोंडाकडे पाही. आता ती फळीकडे पाहात बसू लागली.

त्या अडीच महिन्यांत मला पुष्कळ आठवले. आमचे वडील उस्मानियात गणित शिकले ते उर्दूतून. त्रिकोणाला ते जन्मभर 'मुसल्लस' म्हणत आणि संध्याकाळी त्याच तोंडाने रामरक्षा म्हणत. शाळेला निघताना आई दारात उभी राहून विचारी, "दस्ती घेतलास का?" तिने तो शब्द उर्दू म्हणून उच्चारला नव्हता. तो तिच्या शिवण्याच्या डब्यातला शब्द होता. कोपऱ्यात निळ्या दोऱ्याने माझ्या नावाचे अक्षर काढलेली दस्ती.

नाइजेल रिचर्ड्स नावाचा न्यूझीलंडचा खेळाडू आहे. त्याने २०१५ मध्ये फ्रेंच स्क्रॅबलचे जगज्जेतेपद मिळविले. फ्रेंच बोलता येत नसताना, काही आठवडे कोश पाठ करून! २०२४ मध्ये स्पॅनिशमध्येही त्याने तेच केले. त्याच्या स्मरणशक्तीपुढे मी हात जोडतो. पण आमच्या ओसरीवर त्याचा एकही शब्द टिकणार नाही, कारण आमच्याकडे शब्द वाक्यात घालून दाखवावा लागतो. तो नियम अक्काने का केला होता, ते मला फार उशिरा कळले. कोशातले शब्द कोश सांभाळील. 'दस्ती' सांभाळणारी माणसे आमच्या घरात दोन उरली होती, आणि त्यांतल्या एकाने ती पाहुण्यांच्या देखत फळीवरून उतरविली होती.

संक्रांतीच्या सकाळी गच्चीवर पतंगांची धांदल चालली होती. नात पायऱ्या उतरता उतरता ओरडली, "आजोबा, माझी दस्ती दिसली का? मांज्यानं बोट कापलं."

मी दस्ती शोधून दिली, बोटाला बांधली. मग फळी काढली. अक्का स्वयंपाकघरात तीळ निवडीत होती. तिच्यासमोरच पाटावर मांडली. सोंगट्या पिशवीतून न पाहता काढण्याचा नियम मी त्या दिवशी मोडला. मधल्या घराला धरून 'द' ठेवला, शेजारी 'स' आणि 'त' एकावर एक, आणि खडूने वेलांटी काढली. दस्ती.

अक्काने चष्मा लावला. बराच वेळ पाहिले. "वाक्य?" ती म्हणाली.

"आई म्हणायची, दस्ती घेतलास का."

तिने तिळाचे सूप बाजूला सारले. पिशवीत हात घालून सात सोंगट्या काढल्या, त्या पाटावर गोल मांडल्या, आणि त्यांतली एकच उचलून माझ्या 'स्ती'च्या डोक्यावर ठेवली. 'व'. वरून खाली वाचले: वस्ती.

नात बोट सांभाळीत येऊन बसली होती. तिने विचारले, "अक्काआजी, वाक्य?"

"सांगते," अक्का म्हणाली. "आधी गुण लिही."